अनामतीच्या घागरी

त्यानं पहिली लाथ चुलीवर मारली. तव्यावर भाकर होती. तवा माझ्या पायावर पडला, भाकर राखेत गेली. मी ओरडले तर म्हणतो, "आवाज नको. चल, बाहेर हो."

हा आमचा घरमालक. दीक्षितपुऱ्यातला वजनदार माणूस. त्याचे पूर्वज मराठ्यांच्या चाकरीत जबलपुरात आले, म्हणून गल्लीत अजून मान. माझा नवरा त्याला मायबाप म्हणायचा. मायबाप! थू त्या शब्दावर.

सोबत आखाड्यातले दोन पैलवान होते. एकानं अंथरूण-पांघरूण गल्लीत भिरकावलं. दुसऱ्यानं माझं सूप उचललं. मी घरी बसून बिड्या वळायची, तेंदूची पानं आणि तंबाखू त्या सुपात होता. सगळं गटारात. मी दाराची चौकट धरली. त्यानं माझा अंबाडा धरून ओढलं. पाठ पायरीवरून सोलून निघाली. पदर कुठं, मी कुठं. वरच्या खिडक्यांत बाया उभ्या होत्या. तमाशा बघावा तशा बघत होत्या.

"संध्याकाळी इथे दिसलात तर तंगड्या तोडीन," मालक म्हणाला. "शहराबाहेर पनागरकडे जा. तिकडे शेतात झोपडी बांधा."

मी बसल्या जागेवरून म्हटलं, "जातो जी. माह्या घागरी द्या आधी."

"कसल्या घागरी?"

"अनामतीच्या. खोली घेतली तवा ठेवल्या होत्या तुमच्यापाशी."

तो हसला. पैलवानही हसले.

"अगं महारडे, तुम्ही राहिलात ती खोली आता शुद्ध करावी लागेल. चुना, गोमूत्र, होम. तो खर्च काय तुझा बाप देणार? अनामत त्यात गेली."

राग आम्हाला उशिरा येतो. आधी सवय येते. मान खाली घालायची सवय.

आता खरं सांगते ते ऐका. खोली दिली तेव्हा आमची जात त्याला ठाऊक नव्हती का? चांगली ठाऊक होती. ती खोली घराच्या मागे, संडासाच्या गल्लीला लागून. दुसरं कोणी तिथं राहायला तयार होईना. नवरा तोफांच्या कारखान्यात लागला होता, जर्मनीच्या लढाईचे दिवस, काम रग्गड. आम्ही विदर्भातून आलेलो, हातात रोकड नाही. मालक म्हणाला, अनामत ठेवा, खोली सोडाल त्या दिवशी जशीच्या तशी परत. मग मी माझ्या दोन तांब्याच्या घागरी ठेवल्या. लग्नात बापानं आंदण दिलेल्या. गळ्याशी टिंबाटिंबांनी नाव घातलेलं, बापाचं आणि माझं. मला वाचता येत नाही. पण ती टिंबं मी बोटानं ओळखते.

मालकीणबाईंनी घागरी माझ्या हातून घेतल्या नाहीत. "तिथे पायरीवर ठेव, आणि लांब हो." मग गवत पेटवलं, घागरी जाळावर धरल्या, चिंच आणि राखेनं घासल्या, वरून पाणी ओतलं. धातू असा शुद्ध होतो म्हणे. माती होत नाही, माणूस होत नाही, तांबं होतं. मला तेव्हा हसू आलं होतं. मूर्ख मी. "अडगळीत पडतील," असं म्हणाल्या बाई.

लढाई संपली. शहरात माणसांचा लोंढा आला, राहायला जागा मिळेना. मग संडासाजवळच्या खोलीलाही भाव आला. आणि त्याच वेळी मालकाला आमची जात आठवली.

संध्याकाळी नवरा कारखान्यातून आला. गल्लीत पसरलेला संसार पाहिला, माझी पाठ पाहिली. मी म्हटलं, "अजी, घागरी घेतल्याबिगर मी हलत नाही." तो म्हणाला, "मी बोलतो. तू गप राहा." आणि मालकाच्या पुढच्या दारी गेला. त्या दारी आम्ही कधी उभे राहिलो नव्हतो. मी मागोमाग गेले, पायरीपासून थोडी लांब बसले.

त्यानं डोक्यावरची टोपी काढली. पायरीखाली ठेवली. हात जोडले. "मायबाप, खोली सोडतो. बाईच्या माहेरच्या घागरी तेवढ्या..."

मालकानं पायातला जोडा काढला. तोंडावर मारला. एकदा, मग परत, मग मोजलं कोणी. नवऱ्याचा ओठ फाटला. तो हात जोडूनच उभा! मारणाऱ्याचा हात दुखला तर याला वाईट वाटेल, असा चेहरा. त्या माराचा नव्हे, जोडलेल्या त्या हातांचा मला संताप आला.

तेव्हा माझी नजर उघड्या दारातून आत गेली. ओसरीच्या आत घडवंची. घडवंचीवर माझ्या घागरी. दोन्ही. लखलखीत घासलेल्या, काठोकाठ भरलेल्या, वर झाकणी, झाकणीवर पेला. घरातलं पोरगं आलं, पेला बुडवला, घटाघटा प्यालं आणि आत पळालं.

अरे वा रे वा! आमच्या अंगाचा वारा लागला म्हणून खोली बाटली. आणि माझ्या बापाच्या नावाच्या घागरीतलं पाणी यांच्या देवाला, यांच्या घशाला!

मी उठले. नवऱ्याला बाजूला सारलं. उंबरठा ओलांडला. कोणाला काही कळायच्या आत मी घडवंचीपाशी होते. झाकणी फेकली आणि घागरीत हात घातला. पार कोपरापर्यंत.

मालकीणबाई किंचाळल्या. एवढ्या मोठ्यानं तर त्या माझ्या पाठीचं रक्त बघूनही ओरडल्या नव्हत्या.

मी म्हटलं, "काहून ओरडून राहिल्या बाई? इतके दिवस हेच पाणी पिऊन राहिल्या ना? नाव वाचा. माह्या बापाचं नाव आहे."

मालक धावला. "मारा हिला!" सकाळचेच दोन पैलवान काठ्या घेऊन आले.

पहिली काठी दंडावर बसली. दुसरी डोक्यात. कपाळावरून गरम काहीतरी डोळ्यात आलं, एका डोळ्यानं दिसेना. मी घागर पालथी केली. सगळी ओसरी पाण्यानं भरली, त्यात माझं रक्त. रिकामी घागर दोन्ही हातांनी धरली आणि पैलवानाच्या तोंडावर हाणली. दात पडला त्याचा. मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

नवरा पायरीशी उभा होता. "चाल वं, मरशील," म्हणत होता. मग तिसरी काठी माझ्या हातावर बसली आणि हाड मोडल्याचा आवाज झाला. तो आवाज त्यानं ऐकला. खाली वाकून टोपी उचलली, डोक्यावर घातली आणि आत आला. काठी त्यानं हवेतच पकडली. मालकाच्या डोळ्यात डोळे घालून म्हणाला, "आता मारून दाखव." मायबाप नाही म्हटलं. त्या दिवसापासून कोणालाच नाही म्हटलं.

एकच घागर घेऊन निघालो. हात लोंबत होता, दुसरी उचलता आली नाही. पोलीस आला तर त्यानं नवऱ्यालाच नेलं. मालकाच्या घरात शिरलो म्हणून. रात्रभर कोठडी. माझ्या मोडलेल्या हाताबद्दल शिपाई म्हणाला, "औरत होके मर्दों से लड़ेगी तो यही होगा."

कारखान्यातल्या युनियनच्या माणसानं आम्हाला एका वकिलाकडे नेलं. वकील म्हणाले, आता कायदा आहे. सरकारी भाडे-कचेरीच्या परवानगीशिवाय भाडेकरूला काढता येत नाही. अनामत गिळता येत नाही. शुद्धीचा खर्च कायद्यात कुठंच नाही. मी विचारलं, "मग मालकाले हे ठाऊक नव्हतं काय?" वकील म्हणाले, "त्याला ठाऊक होतं. तुम्हाला नव्हतं."

हेच ते. काठीपेक्षा हे मला जास्त लागलं.

वकिलांनी अर्ज लिहिला, मी अंगठा दिला आणि तो कचेरीत लावला. आता आम्ही दुसऱ्या वस्तीत राहतो. हात वाकडा जुळला, बिड्या वळताना ठणकतो. मालकानं दलालाच्या हाती निरोप धाडला: उरलेली घागर बाटली म्हणून मोडीत घातली, किंमत घ्या आणि अर्ज मागे घ्या, वर एक लुगडंही देऊ. "दीदी, झगडा खत्म करो," दलाल म्हणाला.

मी म्हटलं, "त्याले जाऊन सांग. लुगडं त्याच्या बायकोले नेसव. मोडीत घातली तर नवी घडव, माह्या बापाचं नाव घाल. मग कचेरीत, साऱ्यांच्या समोर, तुह्या हातानं माह्या हातात दे. मधी पायरी नाही, मधी जमीन नाही. हाताले हात लागला पायजे."

दलाल गेला. नवऱ्यानं डोक्यावरची टोपी नीट केली.

तारखा पडतात. मी प्रत्येक तारखेला जाते. दाराबाहेर थांब म्हणतात, मी आत जाऊन उभी राहते. ओरडतात, मी हलत नाही. साहेब बदलेल, वकील थकेल, माझे केस पिकतील, तरी मी येणार. आणि मालकानं दया म्हणून घागर पुढं केली, तर कचेरीतच ती त्याच्या डोक्यात घालीन. मला दुसरा हातही मोडून घ्यावा लागला तरी चालेल.