घोडा तिरका होता

आमच्या बुद्धिबळ मंडळातले चष्मेवाले म्हणजे नियमांचं चालतंबोलतं पुस्तक. मोहऱ्याला हात लागला की तेच खेळायचं, हा नियम त्यांनी संसारातही आणला होता. दुकानात बायकोचा कापडाला हात लागला, की ते विकत घेतलंच पाहिजे. बाईही काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. उंची कापडं दिसली की त्या लांबवर हात फिरवत जायच्या.

मंडळाच्या चषकावर आपलं नाव लागावं, एवढीच या गृहस्थांची इच्छा. दरवर्षी घोडं कुठल्या तरी नियमात अडायचं. यंदा मात्र अंतिम डाव सख्ख्या मेहुण्याशी होता आणि तो यांनी जवळजवळ जिंकलेला होता. चाल यांची होती, म्हणून मेहुणा पाणी प्यायला उठला.

त्याचा घोडा पटावर जरा तिरका उभा होता. गिऱ्हाइकाचा वाकडा चष्मा दिसला की तो नाकावरच सरळ करायचा, ही यांची धंद्यातली खोड. त्याच हाताने त्यांनी घोडाही सरळ केला. आधी "अ‍ॅडजस्ट" म्हणून, मोहरं नुसतं नीट करतोय हे सांगायचं राहूनच गेलं.

समोरच्याच्या मोहऱ्याला हात लागला की ते मारावंच लागतं. आता घोडा मारणं भाग होतं, आणि तो मारता येत होता फक्त वजिराने. वजीर फुकट जाणार होता. हात लागलेला पाहणारे आम्ही दोघंच, मी आणि बाई. आम्ही मुकाट्याने छताकडे पाहिलं.

चष्मेवाल्यांनी घोडा मारला. मला त्यांचा राग आला आणि कौतुकही वाटलं.

मेहुणा परतला आणि बघतच राहिला. दाजी फुकटात वजीर देतात म्हणजे नक्की सापळा! त्याने हात पुढे नेला, मागे घेतला, डोकं धरलं. दाजी ओठ घट्ट मिटून बसले. विचार करता करता मेहुण्याची घड्याळातली वेळ संपली आणि डाव दाजींना मिळाला.

टाळ्या पडल्या, तशी बाईंना वाचा फुटली.

"अरे वेड्या, कसला सापळा? चुकून हात लागला होता त्यांचा!"

"दाजी, सांगायचं तरी!"

"डाव चालू असताना समोरच्याशी बोलायचं नसतं."

"मग हा निकाल सोडा. पुन्हा खेळू."

दाजींनी चषक पोटाशी घट्ट धरला.

"संपलेला डाव पुन्हा खेळता येत नाही," ते म्हणाले. एखादा नियम सांगताना त्यांना इतकं खूश झालेलं मी प्रथमच पाहिलं.