बिलकीसने फोडलेला शब्द

बिलकीस भोरला एसटी स्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान चालवते. वय एकेचाळीस. लहानपणी बोलताना तिची जीभ अडायची आणि इंग्रजीच्या तासाला वर्ग हसायचा. तिचे वडील हाशिमभाई गवंडीकाम करायचे, त्यांना इंग्रजी येत नव्हतं. पण लांब शब्दाचे तुकडे पाडायचे आणि एकेका तुकड्याला एक बोट मिटायचं, हे त्यांनीच तिला शिकवलं. अडखळणं पुढे कमी झालं. गिऱ्हाइकांचे इंग्रजी कागद ती अजून तसेच वाचते.

गेल्या जूनमध्ये पासली गावच्या बाळाबाई पोट दुखतं म्हणून काढलेल्या आपल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टची झेरॉक्स काढायला आल्या. बरोबर सून सोनिया. आठवड्यापूर्वी रिपोर्ट मिळाला तेव्हा डॉक्टर सुट्टीवर होते, म्हणून कागद घरी नेला, असं सोनियाने सांगितलं. टेम्पो चालवणाऱ्या तिच्या नवऱ्याने, स्वरूपने, त्यात 'अनरेमार्केबल' असं वाचलं. अन म्हणजे नाही, मार्क म्हणजे गुण, म्हणजे नापास, असा अर्थ लावला. लिव्हरपुढे तोच शब्द, किडनीपुढेही तोच. तेव्हापासून बाळाबाई कोणत्या खाचरात कुठलं भात लावायचं ते सुनेला रोज समजावत होत्या.

बिलकीसलाही शब्द नवा होता. तिने बोटं मिटत म्हटला: अन, रि, मार्क, अ, बल. जोर मार्कवर.

"मावशी, रिमार्क म्हंजे शेरा. शेवटी लिहितात एबल, म्हणतात अबल. त्याचा अर्थ जोगं. शेरा मारण्याजोगं काही न्हाई, असं लिवलंय."

बाळाबाई म्हणाल्या, "कामातनं गेलं म्हणून न्हाई, का चांगलं हाय म्हणून न्हाई?"

शब्दातून दोन्ही निघत होतं. बिलकीसने शटर ओढलं आणि दोघींना घेऊन दोन गल्ल्यांपलीकडे दवाखान्यात गेली. डॉक्टर परतले होते. लिव्हर, किडनी नीट आहेत, रिपोर्टात त्या शब्दाचा तोच अर्थ, असं त्यांनी सांगितलं. पित्ताशयात खडे होते, पोट त्यानेच दुखत होतं. ऑपरेशन करावं लागणार होतं.

सोनिया रडायला लागली. बाळाबाईंनी लावणी उरकून आलं तर चालेल का, एवढंच विचारलं. पुन्हा दुखलं नाही तर चालेल, डॉक्टर म्हणाले.

स्वरूप काही दिवस आईसमोर यायचं टाळत होता. लावणीआधीच्या चिखलणीच्या दिवशी बाळाबाईंनीच त्याला हाक मारून खाचरात उतरवलं. ऑगस्टमध्ये पुण्याला ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी त्या घरी आल्या.