एफडिस्क आणि आईचे कागद

मी मुळातच धास्तावणारा माणूस. गॅस बंद केला का, हे बघायला कोपऱ्यावरून परत येणारा. त्यामुळे कॉम्प्यूटरची हार्ड डिस्क दोन भागांत वाटायची वेळ आली तेव्हा आठवडाभर मला अन्न गोड लागलं नाही.

कॉम्प्यूटर मी हौसेने घेतला. उज्जैनमध्ये तेव्हा ज्याच्या-त्याच्या तोंडी तोच विषय होता. पण त्याचा खरा उपयोग करून घेतला आईने. आमचे कुणी पूर्वज दरबारात कारकून होते, त्यांच्या पत्रांची एक ट्रंक आमच्याकडे होती. सगळी पत्रं मोडी लिपीत, आणि घरात मोडी वाचता येणारी एकटी आई. रोज संध्याकाळी ती कागद डोळ्यांशी धरून वाचायची आणि मी टाइप करायचो. घोड्यांचा चारा, जावयांचे रुसवे, असलंच बरंचसं. रुसवे आईला फार आवडत. सव्वाशे पत्रं झाली आणि काचबिंदूने तिची नजर गेली. म्हणजे तिने केलेलं ते वाचन आता फक्त माझ्या सी ड्राइव्हमध्ये उरलं होतं.

आणि नेमका तो कॉम्प्यूटर दिवसाआड अडकून बसू लागला.

फ्रीगंजमधला कॉम्प्यूटरवाला म्हणाला, "सिस्टम फिर से डालना पड़ेगा भिया. और डिस्क के दो हिस्से कर लो. लिखा-पढ़ी डी में रखो, फिर सी बिगड़े तो बिगड़े."

सल्ला बिनतोड होता. प्रश्न एवढाच, की भाग पाडायचे कशाने. एक होतं एफडिस्क नावाचं सॉफ्टवेअर. फ्लॉपीवर मावणारं, काळ्या पडद्यावर रुक्षपणे प्रश्न विचारणारं, आणि डिस्क कोरी करूनच भाग पाडणारं. दुसरी होती त्याच्याकडची एक सीडी, कुठूनतरी उतरवून आणलेली.

"ये चलते-चलते हिस्से कर देती है. डाटा को हाथ भी नहीं लगाती."

"और बीच में लाइट चली गई तो?"

"फिर तो महाकाल मालिक."

आमच्याकडे लाइट जायचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं, आणि लाइट ते कधी पाळायची नाही. यूपीएस जेमतेम पाच मिनिटं तग धरायचा, सीडीचं काम दोन तासांचं. मी त्या दुकानात चार वेळा गेलो. एकदा सीडी घेऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी परत करून आलो. शेवटी आईला दोन्ही प्रकार समजावून सांगितले.

"कशातही बिघडू शकतं ना?" तिने विचारलं.

"हो."

"मग आधी नक्कल काढ. कारकुनाच्या घरातला ना तू?"

मला ते पटलं. पुसणार असं तोंडावर सांगणारं एफडिस्क मला त्या गोडबोल्या सीडीपेक्षा बरं वाटलं. सगळी पत्रं मी फ्लॉप्यांवर उतरवली, दोन-दोन संच केले. प्रत्येक फाइल फ्लॉपीवरून उघडून, शेवटची ओळ वाचून मगच खूण केली. रविवारी सकाळी देवाला नमस्कार करून एफडिस्क चालवलं. दुपारपर्यंत सी आणि डी दोन्ही तयार झाले. मी पहिली फ्लॉपी घातली, फाइल उघडली, आणि पडद्यावर नुसती रोमन अक्षरं, आकडे, टोप्या घातलेल्या विचित्र खुणा.

फॉन्टची नक्कल मी काढलीच नव्हती. तेव्हा फाइलीत नुसत्या खुणा साठायच्या, त्यांना मराठी अक्षरांचं रूप फॉन्ट द्यायचा. इथल्या हिंदी फॉन्टांत ळ सहजी मिळायचा नाही, म्हणून लग्नपत्रिका छापणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी आपला फॉन्ट मला घालून दिला होता. तो डिस्कबरोबर पुसला गेला. फ्लॉप्या तपासल्या तेव्हा तो जागेवर होता, म्हणून सगळं छान दिसलं होतं. आणि ते गृहस्थ प्रेस बंद करून केव्हाच गाव सोडून गेले होते. मी फ्रीगंजमधल्या एकूण एक टायपिंगवाल्याचे फॉन्ट लावून पाहिले. प्रत्येक वेळी नवा गोंधळ उमटायचा.

आईला सांगायचं धैर्य झालं नाही. संध्याकाळी ती जुनं पत्र वाचून दाखवायला सांगायची आणि मी त्या खुणांसमोर बसून आठवेल ते म्हणायचो. मला स्वतःची किळस येत होती.

तिसऱ्या दिवशी तिने मला थांबवलं. "जावयाने घोडं मागितलं होतं, म्हैस नाही. तीन दिवस काय वाचतोयस तू?"

मी सगळं सांगून टाकलं.

"पत्रं गेली ते समजू शकते," ती म्हणाली. "मला दिसत नाही म्हणून काहीही वाचून दाखवलंस, ते नाही."

मला रडू आलं, आणि ते तिला ऐकू गेलं असणार.

मग तिने विचारलं, "एका अक्षराला दर वेळी तीच खूण येते का?"

"येते."

"मग रडतोस काय? सगळी पत्रं एकाच मायन्याने सुरू होतात. सेवेसी साष्टांग नमस्कार विनंती विशेष. मी सावकाश म्हणते, तू खुणा लावत जा. माझ्या वडिलांनी मला मोडी अशीच शिकवली."

मी वही घेतली. जेवणाच्या वेळेपर्यंत एकोणीस खुणा लागल्या. विसावी मी चुकीची लावली. आईने मला ओळ पुन्हा वाचायला लावली आणि ती खूण न पाहता दुरुस्त करून दिली.