टेबलावर वाचलेलं पत्र

हिटी थॅक्स्टरचा नवरा एलिफॅलेट इंग्रजांपासून सुटू पाहणाऱ्या अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये बसून देश घडवायला फिलाडेल्फियाला गेला, आणि मॅसॅच्युसेट्समधलं शेत, गाई, सफरचंदांची बाग आणि लहानगी डॉर्कस एकट्या हिटीच्या गळ्यात पडली. तिनं कुरकुर केली नाही. कामं उरकली की ती पत्र लिहायची. नवरा समोर असताना जे कधी तोंडातून निघालं नाही, ते कागदावर भडाभडा यायचं.

मग तिकडून परतलेल्या एका शेजाऱ्यानं मोठ्या कौतुकानं सांगितलं, की तुझा नवरा तुझी पत्रं खाणावळीच्या टेबलावर वाचून दाखवतो, सगळे काँग्रेसवाले ऐकतात. हिटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवऱ्याला एकट्याला सांगितलेलं ते परके पुरुष मटण चघळत ऐकत होते! तेव्हापासून ती बेतानं लिहू लागली.

उन्हाळा सरता सरता गावात रक्ती आवेची साथ आली. डॉर्कसनं अंथरूण धरलं. बाबा कधी येणार, एवढंच विचारायची. हिटी लिहायला बसली. 'निघून या' एवढंच लिहायचं होतं, पण डोळ्यांपुढे ते मेलं टेबल आलं आणि तिथं रडगाणं गाणं तिच्या जिवावर आलं. तिनं लिहिलं, 'डॉर्कस फार आजारी आहे, तुमची वाट पाहते. पण देशाचं काम सोडून या, असं मी म्हणणार नाही.'

पुढे कितीतरी दिवस टपालरस्त्यावर टापा वाजल्या की ती दारात जायची. डॉर्कस गेली.

एलिफॅलेट आला तेव्हा सफरचंदं उतरवून झाली होती. तो रडला, अगदी मनापासून रडला. खोटं का बोला? मग जेवताना, बायकोला बरं वाटावं म्हणून म्हणाला, "हिटी, तुझं ते पत्र वाचलं ना, तर टेबलावरचे सगळे उठून उभे राहिले."

हिटी पाव कापत होती. "उभे राहिलाच होतात, तर घोड्यावर बसायचं होतं."

"अगं, या म्हणणार नाही, असं तूच लिहिलं होतंस ना?"

"ते त्यांच्यासाठी लिहिलं होतं. ती वाट पाहते, हे तुमच्यासाठी होतं."



हिवाळ्यात तो परत गेला. हिटीची पत्रं जात राहिली. गाय व्याली, कुंपण पडलं, गवत यंदा कमी. टेबलावर वाचण्यासारखं त्यांत काही नसायचं, आणि डॉर्कसचं नाव तर कधीच नाही.