विमानाची धुतलेली पिशवी

माझा जावई विमान चालवतो. विमान म्हणजे उंच आभाळात पांढरी रेघ ओढत जातं तसलं नव्हे. टपाल, औषधं आणि उरल्या जागेत दोन-चार माणसं नेणारं, एका पंख्याचं. तरी वैमानिक तो वैमानिकच. आल्या-गेल्याला मी सांगत सुटायचो. आमच्या हिला मात्र त्याचं काडीचं कौतुक नव्हतं, कारण जावई पडला शंकेखोर. भिंतीवरच्या घड्याळात वेळ बघणार, मग मनगटावरच्या, आणि वर खिडकीतून ऊन कुठवर आलंय तेही. हिनं भाजी वाढताना मीठ बेताचं आहे म्हणून सांगितलं, तरी बोटाच्या टोकावर घेऊन चाखणार आणि मगच मान हलवणार. उभा जन्म स्वयंपाकघरात गेलेल्या बाईला हे म्हणजे तोंडावर खोटं पाडल्यासारखंच. त्याची पाठ वळली की ही मला म्हणायची, "घड्याळावर ज्याचा विश्वास नाही, तो माझ्या पोरीवर काय ठेवणार?"

मी एकदा त्याला हळूच छेडलं. तो म्हणाला, एकच साक्षीदार असला की तो खोटं बोलतोय हे कळायला मार्ग नसतो. निदान तिघांना विचारावं. मला पटलं. हिला सांगितलं, तर म्हणाली, तुम्हाला कोणीही काहीही पटवतं.

पुढे लेक तिच्या गावी बाळंत झाली. नेमकं तेव्हाच इंजिनाचं काही काम निघालं आणि जावई विमानासकट आमच्याकडे अडकला. दिवसभर विमानाच्या मैदानावर मिस्त्रीबरोबर तेलात हात घालून बसायचा. ही त्याला डबा पोचवायला जायची. शंकेखोर असला तरी जावई, उपाशी कसा ठेवणार? काम उरकलं आणि ठरलं की आम्हीही त्याच विमानानं जायचं. हिनं जन्मात विमानात पाय ठेवला नव्हता, पण नात बघायला मिळणार म्हटल्यावर ती तोफेच्या तोंडीसुद्धा बसली असती.

वजनाचा तोल राहावा म्हणून हिला पुढे त्याच्या शेजारी बसवलं, मला मागे टपालाच्या पोत्यांना टेकून. ही पर्स पोटाशी धरून ताठ. धावताना वेगाचा काटा शहाण्यासारखा वर आला, आम्ही उडालो, एका ढगातून बाहेर पडलो आणि आणखी वर चढू लागलो. तशी हिची कुरकुर सुरू झाली, की एवढं पळवायची काही गरज नाही, नात कुठे जात नाही. बघतो तर वेगाचा काटा चढतच चाललेला.

जावयानं काट्याकडे पाहिलं, पण हातानं काहीच केलं नाही. मग शांतपणे आम्हाला समजावलं. पंखाखाली एक नळी असते, ती समोरचा वारा गिळते आणि त्यावरून काटा वेग सांगतो. नळी बुजली की काटा बहकतो. विमान चढलं की म्हणतो वेग वाढला, उतरलं की म्हणतो वेग गेला. त्याचं ऐकून वेग कमी करायला नाक वर उचललं, तर आहे तो वेगही संपतो आणि विमान दगडासारखं खाली येतं. हे त्यानं भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मी मागे टपालाचं पोतं घट्ट धरलं.

आता त्यानं आपले साक्षीदार काढले. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा एक, क्षितिजाला लागून असलेलं विमानाचं नाक दुसरा, आणि हातातला दांडा किती घट्ट लागतोय तो तिसरा. तिघांचं म्हणणं एकच, की सगळं ठीक आहे. खोटं बोलणारा एकटा पडला होता. पण खरी परीक्षा उतरतानाची. तिकडचं मैदान आखूड, आणि वेगाचा अंदाज चुकला की एक तर अलीकडे आपटायचं, नाही तर पलीकडे कुंपणात.

उतरायला लागलो आणि काटा घसरत घसरत पार शून्याला टेकला.

"जावईबापू," ही म्हणाली, "हे थांबलं."

"आई, बाहेर बघा."

हिनं बाहेर पाहिलं. "झाडं तर मागे पळताहेत."

"मग खरं कोण?"

हिनं काट्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं. आमच्या घरात दूधवाल्याकडे असं पाहतात. "हा मेला खोटारडा आहे," ती म्हणाली.

"मग झाकून टाका त्याला. माझं लक्ष सारखं तिकडेच जातंय."

हिनं पर्स उघडली. आतून लांब शेपटीची एक लाल पिशवी काढली, धुतलेली, इस्त्री केलेली, आणि त्या तबकडीवर तळव्यानं दाबून धरली. जावयाची नजर पिशवीवर गेली आणि तिथंच अडकली.

"आई, ही तुमच्याकडे कशी?"

"धुऊन आणली. डबा द्यायला आले तेव्हा तुमच्या पंखाखाली लोंबत होती. इतकी कळकट, की चारचौघांत लाज वाटावी."

त्यानं नजर पुन्हा मैदानाकडे वळवली. मग एवढंच म्हणाला, "बरं. धरून ठेवा घट्ट."

कमी वेगापेक्षा थोडा जास्त बरा, असं म्हणत त्यानं विमान टेकवलं. ते एकदा उसळलं, टपालाचं एक पोतं माझ्या मांडीवर येऊन बसलं, आणि कुंपण जवळ येत येत येत थांबलं. पलीकडच्या गाईनं मान वर केली, आम्हाला पाहिलं आणि पुन्हा चरायला लागली. हिचा तळवा अजून तबकडीवर.

"आता सोडलंत तरी चालेल, आई."

तिथल्या मिस्त्रीनं नळी खोलली, तर मातीचा गोळा. कुंभारीण माशीनं आत घर बांधलं होतं; उरलेली फट ढगातल्या पाण्यानं माती भिजून बुजली होती. विमान उभं असताना माशी शिरू नये म्हणून त्या नळीला जी टोपी घालतात, तीच ती लाल पिशवी. सकाळी नळी उघडी दिसली तेव्हा जावयाला वाटलं, आमच्याकडच्या मिस्त्रीनं काढली. मिस्त्रीला वाटलं असणार, यानं काढली. तिघांना विचारणारा माणूस त्या दिवशी एकालाही विचारायचं विसरला, असं तो स्वतःच हसत म्हणाला. हिला एका शब्दानं बोलला नाही. ही पिशवीची घडी घालत राहिली, मोडून पुन्हा घालत राहिली.

संध्याकाळी नातीला डोळे भरून बघून झालं आणि आम्ही जेवायला बसलो. हिनं जावयाच्या पानात भाजी वाढली. तो लगेच म्हणाला, "छान झालीय, आई."

हिचा हात वाढता वाढता थांबला. "न चाखता कसं कळलं? आधी चाखा."

त्यानं बोटाच्या टोकावर घेतली. चाचरत म्हणाला, "मीठ... थोडं कमी आहे."

हिनं स्वतः चाखली. चेहऱ्यावरून काही कळेना. मग चमचा माझ्यापुढे धरला. "तुम्ही पण बघा."

मी चाखलं. मीठ कमीच होतं.