सहज विचारून राहिली

वाटी बाहेरच्या नळापाशी उपडी पडली होती. स्टीलची, काठाला जराशी चेपलेली. त्या नळावर चपला धुतात आणि कुत्र्याचं ताट. बाजूला, फाटकाजवळ, कागदावर माझ्या मायने केलेले लाखोळीच्या डाळीचे वडे.

ती वाटी मीच आदल्या दिवशी काकूंच्या हातात दिली होती. काकू म्हणजे माझी घरमालकीण. त्यांनी वाटीतून भाजी दिली होती, मी वडे घालून परत केली. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आमच्याकडची रीत. त्यांच्याकडचीही तीच. काकूंनी उभ्या उभ्याच एक वडा तोंडात टाकला, मग दुसरा. म्हणाल्या, "तुझ्या मायच्या हाताले चव आहे हो."

आणि आज वाटी बाहेर. काकू खिडकीतून बघत होत्या. मी बघितलं तसा पडदा पडला. मी काय बोलणार होते? वाटी त्यांची, नळ त्यांचा, माझी खोलीही त्यांचीच.

मी जपानी लोकांना इंग्रजी शिकवते. हे सांगितलं की लोक हसतात. आंधळगावची पोरगी, बाप वरठीला सायकलने मजुरीला जातो, आणि ही शिकवते कोणाला तर जपान्यांना! पण खरं आहे. कानाला हेडफोन, समोर लॅपटॉप. गावात नेटवर्क टिकत नाही. शिकवणी मध्येच तुटायची. ज्या कंपनीसाठी शिकवते तिथल्या मॅडमनी बजावलं, असंच चाललं तर तुमचे विद्यार्थी दुसऱ्याला देऊ. म्हणून भंडाऱ्यात खोली शोधली. खोली गेली तर काम गेलं.

खोली शोधताना प्रत्येक दारात आडनावापर्यंत बोलणं छान चालायचं. मग खोली अचानक कोणाला तरी कबूल केलेली निघायची. काकूंची खोली एका मैत्रिणीच्या ओळखीने मिळाली. मैत्रीण त्यांच्यातली. म्हणून मीही त्यांच्यातलीच असणार, असं काकूंनी धरलं. त्यांनी विचारलं नाही. पहिल्यांदाच कोणी विचारलं नाही, म्हणून मला किती बरं वाटलं होतं.

त्या आठवड्यात शिकवायचा धडा होता, इंग्रजीत कुतूहल कसं दाखवायचं. अदबीने कसं, घरगुती कसं. साहेबाला विचारायचं असेल तर सुरुवात "आय वॉज वंडरिंग"ने करायची. म्हणजे मनात आपलं उगाच येत होतं, असं म्हणत, आडवळणाने. मैत्रिणीला सरळ "हाऊ कम?" म्हणजे आपलं काहून, का बरं.

माझी विद्यार्थिनी हिरोको-सान, सान म्हणजे आपलं 'ताई'. साठी ओलांडलेली, एकटीच राहणारी. तिला प्रश्न विचारायचीच भीती. एक प्रश्न विचारायचा तर आधी माफी मागायची. मी म्हटलं, घाबरता कशाला, विचारा की. तर म्हणाली, "समोरच्याला सांगायचं नसेल तर?"

आजवर मला प्रश्न विचारताना हा विचार कोणी केला नव्हता.

आमच्याकडे कुतूहलाला काही तोटा नाही. एसटीत शेजारी बसलेली म्हातारी विचारते, "कोन्या लोकायची व तू?" हे घरगुती. शाळेत गुरुजी भर वर्गात म्हणायचे, "शिष्यवृत्तीवाले उभे राहा." हा हुकूम. शहरातली शिकलेली माणसं हसून म्हणतात, "आडनाव नाही लक्षात राहिलं तुमचं." ही अदब. सगळ्यांना हवं असतं एकच. ते मिळालं की कुतूहल खलास. मी काय वाचते, कशाला घाबरते, कशाने हसते, मग कोणाला काही पडलेलं नसतं.

त्या दुपारी हिरोको-सानचा सराव चालू होता. माझ्या मागे टेबलावर बुद्धाची मूर्ती असते, बाबांनी नागपूरहून आणलेली. काकूंच्या बैठकीतही बुद्ध आहे. मोठा, पितळी, टीव्हीशेजारी, शोभेचा. हिरोको-सानने अख्खं अदबीचं वाक्य न अडखळता म्हटलं. तुमच्या मागे काय आहे, हे जाणून घ्यायला आवडेल. मी मूर्ती पुढे धरली. तिने हात जोडले. आमच्याही घरी आहे म्हणाली. आणि आनंदाच्या भरात तिच्या तोंडून घरगुती प्रश्न निघाला. "हाऊ कम?" तुमच्याकडे कसा?

मी सांगितलं. माझ्या आज्याला गावच्या विहिरीला हात लावू देत नव्हते. त्याने तो धर्म सोडला आणि हा बुद्ध घरात आणला. सांगताना माझा आवाज मोठा झाला. बरं वाटत होतं. कोणीतरी ऐकत होतं.

दाराशी काकू उभ्या होत्या. दोरीवरचे माझे वाळलेले कपडे घडी करून हातात. आभाळ आलं म्हणून आठवणीने काढले होते. त्यांना इंग्रजी येत नाही. पण बुद्ध कळला, मूर्तीपुढची मेणबत्ती दिसली. त्यांचा बुद्ध शोभेचा होता, माझा नव्हता, एवढं त्यांना कळलं. शिकवणी संपेपर्यंत त्या तिथेच थांबल्या. मग गोड हसल्या.

"सहज विचारून राहिली हं बेटा. तुमचं पूर्ण नाव काय म्हटलं होतं?"

सकाळपर्यंत मी 'तू' होते. मी आडनाव सांगितलं. त्यांनी कपडे माझ्या हातात दिले नाहीत. उंबऱ्यावर ठेवले आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी वाटी नळावर. संध्याकाळी काकू आल्या, उंबऱ्याबाहेरच थांबल्या. "आमच्या भाचीले लागते खोली. लवकर पाहून घ्या दुसरीकडे."

मी म्हटलं, "काकू, मीपण सहज विचारते. वडा चांगला होता ना?"

त्या जायला वळल्या.

"मग वाटी बाहेर काहून?"

"असं तोंडावर विचारतेत का कोणी!" काकू म्हणाल्या. त्या खरंच दुखावल्या होत्या. जणू मीच काहीतरी घाण बोलले होते. त्या गेल्या आणि आपलं दार लावून घेतलं.

खोली गेली. माय फोनवर म्हणाली, "सांगाचंच कायले होतं, बाई? मूर्ती पेटीत ठेवली असती तर काय झालं असतं?" मायवर रागावता येत नाही. तिने आयुष्यभर पेट्याच भरल्या. मी गावी परतले, शिकवणी पुन्हा तुटायला लागली, आणि मॅडमनी म्हटल्याप्रमाणे हिरोको-सान दुसऱ्या शिक्षिकेला दिली. मी अचानक का गेले, हे तिला कोणी सांगितलं नसेल. ती विचारणारही नाही. समोरच्याला नको वाटेल म्हणून.

काकूंचं काही बिघडलं नाही. त्यांचा पितळी बुद्ध टीव्हीशेजारी आहे. माझं मात्र काम गेलं, आणि कोणी ऐकत होतं तेही गेलं. रात्र रात्र रडले. कोणाचं काही वाकडं झालं नाही.

पण आता एक झालंय. मी उत्तरं देणं थांबवलंय. आता विचारते.

काम परत मागायचं तर खोली हवी, म्हणून आज पुन्हा भंडाऱ्यात आले. पिशवीत मूर्ती, वर फडकं न टाकता. फाटकावर बोर्ड, 'खोली भाड्याने देणे आहे'. बेल वाजवली. एक गृहस्थ आले. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट. गाव सांगितलं, विहारामागचं घर सांगितलं. ते चाचरले. "खोली... तसं कबूल केली आहे एकाले."

"कोणाले? कधी? मग बोर्ड काहून आहे?"

ते आत गेले. बोर्ड तिथेच आहे. मीही तिथेच आहे. त्यांनी दार उघडलं की पुन्हा विचारणार आहे, तोंडावर.