आपल्या गावचा माणूस

माझी शैलजामावशी मिनेसोटातल्या ज्या गावात राहते, ते आयरिश लोकांनी वसवलेलं. कृष्णाकाका तिथे डॉक्टर म्हणून गेले आणि दोघं तिथलेच झाले. गावच्या साप्ताहिकात बातम्यांचं पान मावशीच लिहायची. चर्चची घंटा आपल्या खापरपणज्याने आणली, हे तिथल्या पोरांना मावशीकडून कळायचं. कुणी वारलं की मजकूर तिचाच, आणि शेवटचं वाक्य ठरलेलं: आपल्या गावचा माणूस गेला.

मार्चमध्ये काका गेले. मावशीने मजकूर स्वतःच लिहिला, शेवटी तेच वाक्य. छापून आलं तेव्हा ते गायब होतं. त्या जागी होतं, ‘मूळचे भारतातले डॉक्टर’.

माझं डोकं फिरलं. ईडन प्रेरीच्या माझ्या घरून ड्राइव्ह करून पोचले, ते संपादकाला जाब विचारायचा म्हणूनच. त्याच्या जन्माच्या वेळी त्याच्या आईचं बाळंतपण काकांनी केलं होतं.

“जाऊ नकोस,” मावशी म्हणाली. “कालच येऊन गेला तो. फुलं आणली, रडला पण. मग म्हणाला, अस्थी तुम्ही घरी नेणार असाल ना?”

मी गाडीची किल्ली टेबलावर ठेवली.

“इथे, या सोफ्यावर बसून विचारलं त्याने.”